मुलाच्या आजाराची नोंद होते, पालकांच्या थकव्याचे काय?

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणारा महामार्ग महाराष्ट्राची सीमा ओलांडून सौंसर तालुक्यात शिरला की थोड्याच अंतरावर बोरगाव लागते. मध्य प्रदेश शासनाने येथे औद्योगिक क्षेत्र वसवले आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात रेमंडचा कापड कारखाना येथे उभा राहिला. आजूबाजूला कापूस, संत्र्याच्या बागा आणि कोरडवाहू शेती आहे. घरात आणि बाजारात मराठी बोलली जाते. शाळा आणि सरकारी कागद मात्र हिंदीत असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा हा मध्य प्रदेशचा पंचावन्नावा जिल्हा झाला आणि बोरगावचा जिल्हा बदलला. घरातले मूल गंभीर आजारी पडले की जायचे ठिकाण मात्र बदलले नाही. ते पूर्वीप्रमाणेच सीमेपलीकडचे, साठ-पासष्ट किलोमीटरवरचे नागपूर आहे.

एखाद्या वेळी ताप आलेल्या मुलाला घेऊन हे अंतर कापणे कोणत्याही आईबापांना जमते. पण ज्या मुलाचा आजार जन्मासोबत आला आहे आणि आयुष्यभर राहणार आहे, त्याच्या पालकांना हीच वाट वर्षानुवर्षे तुडवावी लागते. मध्य भारताच्या या पट्ट्यात अशा आजारांमध्ये सिकलसेलचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे, तपासण्यांचे आकडे प्रसिद्ध होत आहेत. मुलाला सांभाळता सांभाळता जी माणसे आतून रिकामी होत जातात, त्यांची नोंद ठेवणारा रकाना मात्र कोणत्याही फॉर्मवर नाही.

आजाराचा भूगोल

सिकलसेलमध्ये रक्तातील हिमोग्लोबिनची घडण जन्मतः वेगळी असते. प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून असह्य वेदनांचे झटके, रक्तक्षय, कावीळ, वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि कालांतराने प्लीहा, मूत्रपिंड, हाडे व मेंदू यांची हानी होते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून दुसरे सुटले असे होत नाही. एकाच घरात दोन आजारी मुले असणे या पट्ट्यात नवलाचे नाही.

भारतात या आजाराची पहिली नोंद १९५२ मध्ये झाली. मध्य भारतातील सिकलसेलच्या वाहकांविषयी नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे या प्रदेशाला आपल्या आजाराची माहिती होऊन साडेसहा दशके उलटली आहेत. विदर्भ आणि त्याला लागून असलेला मध्य प्रदेश व छत्तीसगड हा देशातील सिकलसेलचा प्रमुख पट्टा आहे. अनुसूचित जमातींबरोबरच अनुसूचित जाती आणि काही इतर मागास समाजांतही तो आढळतो. पांढुर्णा हा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, यावरून येथील लोकसंख्येचे स्वरूप ध्यानात यावे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेचा प्रारंभ केला. १७ राज्यांतील २७८ जिल्ह्यांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवणे, हे तिचे उद्दिष्ट आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली आणि त्यातून दोन लाखांहून अधिक रुग्ण व सोळा लाखांहून अधिक वाहक समोर आले. इतक्या कमी काळात झालेले हे काम मोठे आहे, यात शंका नाही. पण दोन लाख रुग्ण सापडले याचा दुसरा अर्थ असा की, जवळपास तितक्याच घरांत कोणीतरी आपल्या झोपेचे, रोजीचे आणि मनःशांतीचे गणित नव्याने मांडायला बसले. मोहिमेच्या आकड्यांत ती दुसरी बाजू उतरत नाही.

घर हेच रुग्णालय

सिकलसेलच्या मुलाची काळजी म्हणजे नेमके काय, हे बाहेरून पाहणाऱ्याला सहज कळत नाही. मूल बरे दिसते, खेळते, शाळेत जाते. त्या बरे दिसण्यामागे रोजची अखंड मेहनत असते. फॉलिक ॲसिडची गोळी चुकवायची नाही. पाच वर्षांखालील मुलाला जंतुसंसर्गापासून वाचवण्यासाठी पेनिसिलिन नियमाने द्यायचे, न्यूमोनियाची लस वेळेवर टोचून घ्यायची. पाणी सतत पाजत राहायचे, कारण शरीर कोरडे पडले की वेदनांचा झटका येऊ शकतो. थंडीत मूल गारठू द्यायचे नाही, उन्हात तापू द्यायचे नाही, खेळताना दमू द्यायचे नाही. ताप आला तर सकाळ होण्याची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, कारण या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा वाटणारा संसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. प्लीहा एकाएकी फुगली तरी धोका असतो. म्हणून बाळाचे पोट हाताने चाचपून ती वाढली आहे का हे कसे ओळखावे, हेही डॉक्टर आईला शिकवतात.

हायड्रॉक्सियुरिया या औषधाने या आजाराची तीव्रता बरीच कमी होते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांवर केलेल्या अभ्यासात, वजनाच्या दर किलोमागे दहा मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेतही वेदनांचे झटके आणि रक्त देण्याची गरज घटल्याचे दिसून आले. औषध महागडे नाही. पण ते सुरू असताना रक्ताची तपासणी ठरावीक अंतराने करत राहावी लागते. शिवाय सर्रास मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची असते आणि मूल मात्र दहा-बारा किलोचे असते. तेव्हा मात्रा कशी बसवायची, एक दिवसाआड द्यायची की विभागून, हे डॉक्टरांकडून समजून घेऊन घरी चोख पाळण्याचे काम पुन्हा आईकडेच येते.

आता हा दिनक्रम बोरगावच्या परिसरातील एखाद्या घरात बसवून पाहावा. वडील कारखान्यात ठेकेदाराकडे पाळीने काम करतात आणि खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते. आई संत्र्याच्या तोडीला किंवा कापूस वेचायला जाते आणि तिचा हंगाम वर्षातून मोजके महिने असतो. एप्रिल-मेमध्ये या भागात पारा विदर्भाइतकाच चढतो. रात्री दोनला मुलाचे हातपाय दुखू लागतात. शेक देणे, पाणी पाजणे, चोळणे आणि वेदनाशामक देणे हे सगळे करूनही कळ थांबत नाही, तेव्हा पहाटेच्या गाडीने सौंसर किंवा थेट नागपूर गाठायचे ठरते. तेथे तीन-चार दिवस राहावे लागते. घरी दुसरे मूल शेजारणीकडे असते. परतल्यावर वडिलांचा ठेकेदार नाराज झालेला असतो आणि आईच्या जागी बागेत दुसरी बाई लागलेली असते. काही आठवड्यांनी हेच सारे पुन्हा घडते. यातला कोणताही एक प्रसंग माणसाला मोडून टाकणारा नसतो. शेवट दिसत नसताना तोच तोच प्रसंग परतून येणे माणसाला झिजवते.

या कामाची वाटणीही सारखी नसते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांची काळजी घेण्याचे काम करत होत्या. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. हे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी १४० मिनिटे वेळ जात होता, तर पुरुषांचा ७४ मिनिटे. स्वयंपाक, पाणी, धुणीभांडी यांचा वेळ याहून वेगळा. ही सरासरी सर्वसाधारण घरांची आहे. दीर्घ आजारी मूल असलेल्या घरात ती किती फुगत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

नाव नसलेली अवस्था

कामाच्या अतिताणाने येणाऱ्या थकव्याला ‘बर्नआउट’ हा शब्द आता मराठी वाचकालाही परका राहिलेला नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची व्याख्या केली, तेव्हा ती केवळ नोकरी-व्यवसायापुरती ठेवली. आयुष्याच्या इतर क्षेत्रांतील अनुभवांसाठी हा शब्द वापरू नये, असेही तेथे स्पष्ट केले आहे. कार्यालयात दिवसाचे दहा तास राबून थकलेल्या माणसाच्या अवस्थेला नाव मिळाले. दिवसाचे चोवीस तास आणि वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पाळीवर असलेल्या आईच्या अवस्थेला ते या व्याख्येनुसार मिळत नाही.

संशोधकांनी मात्र पालकांच्या बर्नआउटचा स्वतंत्रपणे अभ्यास केला आहे. बेल्जियममधील इझाबेल रॉस्कम आणि मोइरा मिकोलायझाक या मानसशास्त्रज्ञांनी त्याची लक्षणे नेमकेपणाने मांडली. पालकत्वाच्या विचारानेच येणारी विलक्षण दमणूक, मुलापासून मनाने दुरावत जाणे, मुलाच्या सहवासातला आनंद आटणे आणि आपण पूर्वी असे नव्हतो ही बोचरी जाणीव, ही त्यातली मुख्य लक्षणे. अशा अवस्थेतील आई मुलाचे सर्व काही करत असते; औषध वेळेवर देते, डबा भरते, बस पकडते. फक्त त्यात ती स्वतः उरलेली नसते. स्वीडनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मधुमेह किंवा आतड्यांचा दीर्घ आजार असलेल्या मुलांच्या पालकांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांत बर्नआउटची लक्षणे आढळली; निरोगी मुलांच्या पालकांत हे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. सामाजिक सुरक्षेची भक्कम व्यवस्था असलेल्या देशातील ही स्थिती आहे.

बर्नआउट म्हणजे नैराश्य नव्हे, आणि प्रेमाचा अभाव तर नव्हेच. रॉस्कम आणि मिकोलायझाक यांच्या मांडणीनुसार ताण वाढवणाऱ्या गोष्टी आणि त्या पेलायला हाताशी असलेली साधने यांचा तोल दीर्घकाळ ढळलेला राहिला की ही अवस्था येते. म्हणूनच तिचे उत्तर केवळ मनोबल वाढवण्यात सापडत नाही. तागडीच्या दुसऱ्या पारड्यात काहीतरी घालावे लागते. ते काही पैशाच्या रूपात असेल, वेळेच्या असेल किंवा माणसाच्या.

मराठी समाजाची अडचण निराळीच आहे. आजारी मुलाच्या आईचे कौतुक करायला आपल्याकडे शब्दांची कमतरता नाही. ‘माउली’, ‘त्यागमूर्ती’, ‘देवाने निवडलेली आई’ अशी विशेषणे सढळ हाताने वापरली जातात. पण हेच विशेषण तिच्या तोंडावर बोटही ठेवते. ज्या बाईला देवाने निवडले आहे, तिने ‘आता मला हे होत नाही’ असे कोणाजवळ म्हणायचे? तिच्या मनात क्षणभर आलेला राग, कंटाळा किंवा कुठेतरी निघून जावेसे वाटणे तिला स्वतःलाच पाप वाटते आणि ती गप्प राहते. पुरुषाच्या वाट्याला तर कौतुकही येत नाही आणि बोलण्याची मुभाही नाही; तो कर्जाचे हप्ते मोजत राहतो.

सिकलसेलच्या घरात या गप्प राहण्याला आणखी एक पदर असतो. आजार आनुवंशिक आहे हे कळले की दोष कोणाचा, हा प्रश्न उठतो आणि बहुतेक वेळा तो सुनेच्या माहेराकडे वळतो. शास्त्र सांगते की आजार होण्यासाठी जनुक दोन्हीकडून यावे लागते. कौटुंबिक न्यायनिवाड्यात मात्र हे शास्त्र कमी पडते. तपासणी मोहिमेत रंगीत कार्ड वाटली जातात, विवाहापूर्वी ती जुळवून पाहावीत असे सांगितले जाते. उद्देश योग्य आहे. पण समुपदेशनाशिवाय हातात पडलेले कार्ड घरातील मोठ्या बहिणीच्या लग्नाची चिंता होऊन बसते, आणि मग आजार लपवण्याचे ओझे थकव्यात मिसळते.

दोन राज्यांच्या मध्ये

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या मध्य प्रांताची राजधानी असलेले नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर-पांढुर्ण्याच्या लोकांचे सोयरसंबंध, बाजारहाट आणि दवाखाने नागपूरशीच जोडलेले राहिले. या भागातील आजारी माणूस नागपूरवर किती अवलंबून आहे, हे २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये साऱ्या देशाने पाहिले. विषारी घटक असलेल्या खोकल्याच्या औषधाने छिंदवाडा जिल्ह्यातील परासिया परिसरात वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला, तेव्हा त्यांतील अनेकांना मूत्रपिंडे निकामी होत असताना नागपूरच्या रुग्णालयांत हलवावे लागले होते.

दीर्घ आजाराच्या घराला ही सीमा रोज जाणवते. महाराष्ट्रात राज्य परिवहन महामंडळाच्या बसमध्ये सिकलसेलच्या रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे. मध्य प्रदेशाने आपले परिवहन महामंडळ दोन दशकांपूर्वी गुंडाळले, त्यामुळे बोरगावच्या रुग्णाला खासगी गाडीचे पूर्ण तिकीट काढावे लागते. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. आयुष्मान भारत योजनेचे कार्ड देशभर चालते, हा मोठा आधार खरा. पण ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. सिकलसेलच्या कुटुंबाचा खिसा ज्या गोष्टींनी झिरपत राहतो, त्या गाडीभाडे, बाह्यरुग्ण तपासण्या, बुडालेली मजुरी आणि नागपुरातला मुक्काम या आहेत. त्यांतील एकही गोष्ट त्या कार्डात बसत नाही.

कायदा कोठवर पोहोचतो

कागदावर पाहता भारताचा कायदा या विषयात मागासलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल या रक्ताच्या आजारांचा समावेश केला. पण पुढे पाहिले की फटी दिसू लागतात. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणाची तरतूद करणाऱ्या कलम ३४ मध्ये रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे ज्या मुलाला पालक जिवाचे रान करून शिकवतात, त्याला प्रमाणपत्र मिळाले तरी ते आरक्षण मिळत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाकडे निरामय हा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे, तसेच पालकांना काही काळ विसावा मिळावा म्हणून मुलाला तात्पुरते सांभाळणाऱ्या केंद्रांची ‘समर्थ’ ही योजनाही आहे. ही दूरदृष्टीची कल्पना त्या चार गटांपुरती मर्यादित आहे आणि त्या गटांतील मुलांसाठीही अशी केंद्रे मोठ्या शहरांपलीकडे फारशी आढळत नाहीत. बोरगावसारख्या ठिकाणी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची आई आणि सिकलसेल असलेल्या मुलाची आई या दोघी कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या असल्या, तरी विसाव्याच्या बाबतीत सारख्याच वंचित आहेत.

याच अधिनियमाच्या कलम २४ मध्ये एक महत्त्वाचा उल्लेख आहे. अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता देण्याची योजना शासनाने आखावी, असे तेथे सुचवले आहे. केरळने पूर्णवेळ काळजी घेणाऱ्या घरच्या माणसासाठी ‘आश्वासकिरणम’ या नावाने महिन्याला ६०० रुपयांची मदत सुरू केली. रक्कम तुटपुंजी आहे. पण घरात बसून मुलाची काळजी घेणाऱ्या बाईच्या कामाची राज्याने स्वतंत्र नोंद घेतली, हे त्या योजनेचे मोल आहे. बहुतेक राज्यांनी ही पायरीही अद्याप चढलेली नाही.

कामगार कायद्याची स्थिती याहून बोलकी आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला स्वतःच्या आजारपणात वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत लाभ मिळतो. त्याच्या मुलावर उपचारही होतात. पण मुलाच्या उशाशी बसण्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळत नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे आणि दिव्यांग अपत्याच्या बाबतीत वयाची अटही शिथिल आहे. हाडे ठिसूळ असण्याच्या आनुवंशिक आजाराने ग्रस्त मुलाच्या आईला हिमाचल प्रदेश शासनाने अशी रजा नाकारली, तेव्हा एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रजा म्हणजे केवळ मेहेरबानी नसून स्त्रियांच्या नोकरीतील समान सहभागाच्या घटनात्मक हक्काशी जोडलेली बाब असल्याचे स्पष्ट केले. हा निकाल मोलाचा आहे. मात्र त्याचा लाभ सरकारी नोकरीतील आईला होतो. ठेकेदाराच्या हजेरीपटावरील बापापर्यंत आणि संत्र्याच्या बागेतील रोजंदार आईपर्यंत तो पोहोचत नाही.

जामसावळीच्या ओट्यावर

सौंसरजवळच्या जामसावळी येथे पहुडलेल्या हनुमानाचे प्रसिद्ध मंदिर आहे. आजारातून सुटका व्हावी म्हणून विदर्भ आणि मध्य प्रदेशातून माणसे येथे येतात. काही कुटुंबे रुग्णासह मुक्काम करतात. याकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे सोपे आहे, आणि औषध थांबवून कोणी तेथे येऊन बसत असेल तर ते धोक्याचेही आहे. पण थकलेल्या पालकाच्या बाजूने पाहिले तर निराळे काही दिसते. तेथे आपल्यासारखीच इतर माणसे भेटतात. आपल्या मुलाकडे कोणी वळून पाहत नाही. दुसरी कोणी बाई क्षणभर मूल धरते. ‘तुमचं किती वर्षांपासून आहे?’ असे कोणी विचारते आणि उत्तर ऐकून घेते. रुग्णालयाच्या रांगेत आणि सरकारी कचेरीत जे मिळत नाही, ते येथे मिळते. आरोग्य व्यवस्थेला मंदिराची जागा घ्यायची नाही. पण माणसे तेथे काय शोधायला जातात, हे तिने समजून घ्यायला हवे.

काय करता येईल

यातील बऱ्याच गोष्टींना नवा कायदा किंवा मोठा निधी लागत नाही. पहिली गोष्ट अंतर कमी करण्याची. रोगाचे निदान आणि अवघड प्रसंग नागपूर किंवा छिंदवाड्यात हाताळले जावेत. पण हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड आणि नियमित रक्ततपासणी गावाजवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात ठरलेल्या दिवशी मिळाली, तर वर्षातल्या कित्येक फेऱ्या वाचतील. वाचलेली प्रत्येक फेरी म्हणजे वाचलेली रोजी आणि एक शांत रात्र. मुलांना देता येईल असे या औषधाचे पातळ रूप आता देशात तयार होऊ लागले आहे. ते ग्रामीण औषधसाठ्यात पोहोचले पाहिजे. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना बदली रक्तदाता न मागता रक्त मोफत द्यावे, असे राष्ट्रीय निर्देश आहेत. ते रक्तपेढीच्या खिडकीवर ठळक लिहिले गेले, तर मध्यरात्री दाता शोधत फिरणारा बाप वाचेल.

दुसरी गोष्ट विचारपूस करण्याची. आशा कार्यकर्ती सिकलसेलच्या घरी जाते तेव्हा मुलाचे औषध संपले का, हे विचारते. त्याबरोबर आईला झोप मिळते का आणि मदतीला कोणी आहे का, हे दोन प्रश्न तिच्या नोंदवहीत घालता येतील. उत्तर काळजी वाढवणारे असेल तर पुढे कोठे पाठवायचे, हे तिला ठाऊक हवे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत उपलब्ध आहे. ती आजारी माणसाइतकीच त्याला सांभाळणाऱ्यासाठीही आहे, हे सांगितले जात नाही.

तिसरी गोष्ट विसाव्याची. निवासी केंद्र उभारणे दूरची बाब झाली. पण महिन्यातून दोन दुपारी, प्रशिक्षित अंगणवाडी सेविका आणि आरोग्य कर्मचारी यांच्या देखरेखीत दीर्घ आजारी व दिव्यांग मुलांना तीन-चार तास सांभाळले गेले, तरी आईला झोप घेता येईल, बँकेत जाता येईल, माहेरी फोन करता येईल. त्याच वेळी पालकांना एकत्र बसता आले तर अधिक चांगले. औद्योगिक क्षेत्रातील कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी बहुतेक वेळा शिबिरे आणि साहित्यवाटपावर खर्च होतो; त्यातील काही भाग अशा विसाव्यासाठी आणि ठेक्यावरील कामगारांच्या आजारी मुलांसाठी भरपगारी रजेचे काही दिवस देण्यासाठी वापरता येईल.

चौथी गोष्ट सीमेची. सिकलसेलची मोहीम राष्ट्रीय आहे, तर रुग्णाला मिळणाऱ्या सवलतीही राज्याच्या सीमेवर थांबू नयेत. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांनी सीमाभागातील रुग्णांसाठी प्रवास सवलत आणि उपचारनोंदी परस्परमान्य केल्या, तर सर्वांत जास्त फायदा सौंसर-पांढुर्ण्यासारख्या तालुक्यांचा होईल.

गोव्यासाठी काय

गोमंतकीय वाचकाला बोरगाव दूरचे वाटेल. गोव्यात सिकलसेलचा प्रश्न त्या प्रमाणात नाही, राज्य छोटे आहे आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय एका दिवसात गाठून परतता येते. दिव्यांगांसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे मासिक साहाय्य आहे. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल महोत्सव भरला आणि दिव्यांगांच्या सहभागाविषयी देशभर चांगली चर्चा झाली. पण अंतर कमी असल्याने थकवा टळतो असे नाही. पेडण्यात किंवा काणकोणात ऑटिझम, थॅलेसेमिया किंवा टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाची आई रात्री तितकीच जागी असते. महोत्सवाच्या व्यासपीठावर मूल येते, टाळ्या मिळवते. त्याला तेथवर आणणारी आई मागे खुर्चीत बसलेली असते. तिच्यासाठी भत्ता, विसाव्याचे केंद्र किंवा नुसती विचारपूस करणारी व्यवस्था किती आहे, हा प्रश्न गोव्यालाही लागू पडतो. छोट्या राज्याला तो सोडवणे तुलनेने सोपे आहे, कारण येथे अशी कुटुंबे मोजता येतील इतकी आहेत.

सिकलसेलच्या मोहिमेने २०४७ हे वर्ष ठरवले आहे. आज निदान झालेले दोन वर्षांचे मूल तेव्हा ऐन तारुण्यात असेल. ते तोवर जगावे, शिकावे, कामाला लागावे यासाठी औषध लागेल, रक्त लागेल, तपासणी लागेल. त्याहून आधी त्याचे आईवडील टिकावे लागतील. मधली वीस-बावीस वर्षे त्यांनी एकट्याने काढायची आहेत की कोणाच्या सोबतीने, याचा निर्णय मोहिमेच्या पुढच्या टप्प्यात घ्यायला हवा.